‘चालेल’ म्हणणारी मुलगी

“मॅडम, हिला कशाचंच काही वाटत नाही हो.” समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की समोरच्या आईने पर्स मांडीवर घेऊन सुस्कारा सोडला की पुढचं मला पाठ असतं. त्याचे दोन हंगामच आहेत: जूनमध्ये निकालांनंतर, आणि पहिल्या सत्राचे मार्क हातात पडले की दिवाळीच्या पुढे. नाशिकच्या गंगापूर रोडच्या बंगल्यातून येतात, सिडकोतल्या दोन खोल्यांतून येतात, द्राक्षबागेच्या धांदलीतून वेळ काढून निफाडहूनही येतात. मुलगा असो की मुलगी, वर्णन तेच. काही विचारलं की खांदे उडवणार. ‘माहीत नाही’, ‘काहीही’, ‘चालेल’. पाहुणे आले की खोलीचं दार बंद. वाढदिवसाला काय हवं? काही नको.

मी आधी एक गोष्ट चाचपून घेते, आणि पालकांनीही ती घरी बसून तपासावी. ही मरगळ सगळीकडे आहे की फक्त घरात? मैत्रिणीचा फोन आला की आवाज बदलतो का? चित्र, गाणं, गेम, सोसायटीतली मांजर, काहीतरी आवडीचं शिल्लक आहे का? दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळपास रोज, बहुतेक सगळा दिवस मूल उदास किंवा चिडचिडं असेल, आधी आवडायचं तेही सुटलं असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर समुपदेशकाशी गप्पा मारून भागणार नाही. ‘मी नसलेलंच बरं’ असं काही तोंडून निघालं, हातावर ओरखडे दिसले, तर दोन आठवडेही थांबू नका, सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीत बोलता येतं.

रविवारी दहा वाजेपर्यंत झोपते, हे मात्र लक्षण म्हणून सांगू नका. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा स्रवायला लागतं. रात्री अकराला त्यांना खरंच झोप येत नाही आणि सकाळी सहाला खरंच जाग येत नाही. क्लास सकाळी सातचा लावायचा आणि वर आळशी म्हणायचं, हा कुठला न्याय?

आता जुई. नाव अर्थातच बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही. अकरावी सायन्स, संध्याकाळी कॉलेज रोडला सीईटीचा क्लास. आई बँकेत, वडील सातपूर एमआयडीसीतल्या एका कंपनीत खरेदी विभागात, धाकटा भाऊ आठवीत. आईची तक्रार वर लिहिली तीच, त्यात एका गोष्टीची भर. “ती एक इंग्लिश कार्टून बघते मॅडम. त्यातली मुलगी सगळ्यांना तुसड्यासारखी बोलते. तेच बघून बघून ही अशी झालीय.”

पहिल्या काही भेटी म्हणजे मी बोलायचं आणि जुईने घड्याळाकडे बघायचं. मला त्याची सवय आहे, शांततेची मला भीती वाटत नाही. एक दिवस तिने फोन टेबलावर उलटा ठेवला. पारदर्शक कव्हरच्या आत वहीचा कागद कापून घातलेला, त्यावर काळ्या पेनने काढलेली एक मुलगी. मोठा गोल चष्मा, जाडे बूट, आणि तोंडाच्या जागी एक आडवी रेघ.

“ही कोण?”

“डारिया. तुम्हाला नाही माहीत असणार.”

“नाहीच माहीत. चित्र तू काढलंस?”

“हो.” मग जरा थांबून, “रेघ जमायला वेळ लागला. थोडी वर गेली की हसल्यासारखी दिसते.”

जिला कशाचंच काही वाटत नाही, ती एका रेघेसाठी कागदावर कागद फाडत होती.

त्या आठवड्यात मी रात्री जेवणं आटोपून ‘डारिया’ बघायला बसले. ही मालिका एमटीव्हीवर 1997 ते 2002 या काळात चालली. ग्लेन आइकलर आणि सूझी लुईस यांनी ती घडवली, 65 भाग आणि त्यावर दोन छोटे चित्रपट. लॉनडेल नावाच्या काल्पनिक अमेरिकन उपनगरात राहायला आलेली डारिया मॉर्गनडॉर्फर ही शाळकरी मुलगी, चेहरा कायम कोरा, आवाज सपाट, बोलणं बोचरं. आई हेलन वकील, फोन कानाला चिकटलेला. वडील जेक वर्तमानपत्राच्या आड बसून अर्धं ऐकतात आणि भलत्यालाच उत्तर देतात. मध्येच त्यांना आपले कडक वडील आणि त्यांनी पाठवलेली लष्करी शिस्तीची शाळा आठवते, मग आरडाओरडा. धाकटी बहीण क्विन शाळेत सगळ्यांची लाडकी, आणि डारिया आपली सख्खी बहीण आहे हे ती चक्क लपवते. पहिल्याच भागात शाळा ठरवते की या मुलीचा आत्मविश्वास कमी आहे आणि तिला खास वर्गात बसवते. डारियाचं म्हणणं, माझं माझ्याबद्दलचं मत ठीक आहे, बाकी सगळ्यांबद्दलचं वाईट आहे.

मला हसू आलं, आणि वीस वर्षांहून जुनं अमेरिकन कार्टून जुईच्या घराशी इतकं कसं जुळतं याचं नवलही वाटलं. डारियाच्या घरात जेवणाच्या टेबलावर सगळे एकत्र बसतात, बोलतातही, पण एकाचं वाक्य दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. फक्त डारियापर्यंत सगळ्यांचं पोचतं. तिच्या एकेका टोमण्यावरून कळतं की तिने शब्द न् शब्द ऐकलाय.

आईला मी सांगितलं, कार्टून बंद करू नका. मुलं एखादं पात्र उचलतात तेव्हा त्यांना त्या पात्रात आधीच आपलं काहीतरी दिसलेलं असतं. ते काय, हे शोधायची वाट तुम्हाला आयती मिळाली आहे, ती कशाला बुजवता? हो, इन्स्टाग्रामवर फिरतात ते अर्ध्या मिनिटाचे तुकडे नुसत्या टोमण्यांचे असतात. त्यात घर नसतं. पूर्ण भाग बघितला तर घर दिसतं, आणि जुई पूर्ण भाग बघत होती.

पुढच्या भेटीला मी तिला म्हटलं, “मला काय बघायला हवं ते तूच सांग. एकच भाग.”

मला वाटलं होतं एखादा विनोदी भाग सांगेल. तिने सांगितला मालिकेचा अगदी शेवटच्या टप्प्यातला, ‘बॉक्सिंग डारिया’ नावाचा. घरात नवा फ्रिज येतो, त्याचं रिकामं खोकं बघून डारियाला लहानपणीची एक रात्र आठवते. ती शाळेत कुणात मिसळत नाही म्हणून आईवडिलांत जोरात भांडण झालेलं असतं, वडील रागाने घराबाहेर पडलेले असतात, आणि ही खोक्यात बसलेली असते. इतकी वर्षं तिच्या मनात पक्कं असतं की आपण या दोघांच्या डोक्यावरचं ओझं आहोत.

आम्ही तो भाग माझ्या लॅपटॉपवर एकत्र बघितला. संपल्यावर मी काही विचारलं नाही. जुई ओढणीच्या टोकाची वळकटी करत होती, सोडत होती, पुन्हा करत होती.

“ते तिच्यावरून भांडत होते,” ती म्हणाली.

“हं.”

“आमच्याकडे खोकं नव्हतं. मी बाल्कनीत होते. वॉशिंग मशीनच्या मागे.”

मग ते आलं. दहावीचा निकाल लागला ती रात्र. तिला आर्ट्सला जायचं होतं, तसं तिने जेवताना सांगितलं. वडील सायन्सवर ठाम. आई म्हणाली, तिला हवं ते करू द्या. तिथून आवाज चढत गेला. ‘तुझ्या लाडांमुळे ती अशी एकलकोंडी झालीय’, ‘तुम्ही कधी घरी असता का’. वडिलांनी ॲक्टिव्हाची किल्ली उचलली आणि गेले, ते सकाळीच आले. सकाळी कुणीच काही बोललं नाही. पोहे झाले, डबे भरले गेले. वडील बूट घालत असताना जुई म्हणाली, “सायन्स चालेल.”

“मग?”

“मग पप्पा हसले. येताना पेढे आणले.”

माझ्या कामातला हा क्षण मला फार प्रिय आहे, आणि तो घाईने हाती लागत नाही, याचा थोडा अभिमानही बाळगते. ज्या ‘चालेल’ची तक्रार घेऊन आईवडील माझ्याकडे आले होते, त्या पहिल्या ‘चालेल’वर त्यांनीच पेढे वाटले होते. त्या शब्दाने घर शांत झालं. पोरगी हुशार, तिने ते बरोबर टिपलं. मग सहलीला कुठे जायचं, चालेल. कोणता ड्रेस, चालेल. आपल्याला काही हवं असलं की घरात भांडण होतं, मग नकोच हवं काही, असा तिचा सरळ हिशोब होता. तो पाळायला रोज किती ताकद लागत असेल! आणि आपण तिला थंड म्हणतो.

मी एकट्या मुलाला ‘दुरुस्त’ करायला बसणाऱ्यांतली नाही. मूल जे वागतं त्याचा त्या घराला काय उपयोग होतोय, ते मी आधी शोधते. मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी फार पूर्वी सांगून ठेवलंय की दोन माणसांतला ताण असह्य झाला की ती तिसऱ्याला मध्ये ओढतात. नाशिकमध्ये तो तिसरा बहुतेक वेळा दहावी-बारावीला असतो.

जुईच्या परवानगीने तिघांना एकत्र बसवलं. वडिलांचा पहिला प्रश्न, “कोणती रात्र?” त्यांना आठवतच नव्हती. आईला तारखेसकट आठवत होती. ते नाटक करत नव्हते. मोठ्यांची भांडणं ऑफिसच्या गडबडीत विरतात, मुलांकडे ती तशीच्या तशी राहतात.

आठवल्यावर ते चटकन म्हणाले, “अगं वेडे, ते तुझ्यामुळे नव्हतं.” आणि मान माझ्याकडे वळवली, जणू विषय मिटला.

मी म्हटलं, “मग कशामुळे होतं? ते तिला सांगा.”

हे वाक्य मी मुद्दाम इथे लिहितेय. ‘तुझ्यामुळे नाही’ एवढ्याने मुलाची सुटका होत नाही. खरं कारण सांगितलं नाही तर ती जागा रिकामी राहते आणि मूल तिथे पुन्हा स्वतःला नेऊन बसवतं. वडिलांनी बराच वेळ घेतला, मग बोलले. त्या महिन्यात फ्लॅटचा हप्ता थकला होता, आजीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला पैसे हवे होते, कंपनीत माणसं कमी करणार अशी कुजबुज होती. त्या रात्री ते कुठे लांब गेलेच नव्हते. द्वारका चौकाजवळ टपरीवर चहा घेतला आणि सिडकोत भावाकडे जाऊन झोपले. सायन्सचा आग्रह त्यांचा खराच होता, पण आवाज चढला तो हप्त्याचा.

“मग मला सांगायचं ना,” जुई म्हणाली. “मी वर्षभर बोटॅनी करतेय.”

आईला हसू आलं आणि रडूही. वडील नुसते बसून राहिले.

पुढे काही जादू झाली नाही. मी या घराला सांगितलं, ते तुम्हालाही सांगते. मुलांसमोर भांडण झालं तर ते मिटलेलंही मुलांना कळू द्या. दार लावून कुजबुजत मिटवलंत तर त्यांच्या लेखी ते चालूच असतं. दुसरं, मुलाला मत विचाराल तर अशाच गोष्टीत विचारा जी खरंच अजून ठरलेली नाही. चारचाकी कोणत्या रंगाची घ्यायची, हे बुकिंग झाल्यावर विचारणारे वडील मी पाहिलेत. आणि उत्तर ‘चालेल’ आलं तर ते होकार समजून पुढे जाऊ नका. ‘चालेल म्हणजे आवडेल, की वाद नको म्हणून?’ एवढं सहज विचारा आणि थांबा. लगेच उत्तर येणार नाही, गाडीत मागे बसल्यावर येईल, बटाटे सोलताना येईल. समोरासमोर बसवून घेतलेल्या चौकशीत मुलं बोलत नाहीत.

टोमणा आला की सुरावर जाऊ नका, त्यातला मजकूर ऐका. ‘तुम्हाला फोनवरून वेळ मिळाला तर सांगते’ हे उद्धट आहे, मान्य. पण ते खोटं आहे का? आधी फोन बाजूला ठेवा, उद्धटपणाबद्दल नंतर बोलता येईल. आणि तिची मालिका एकदा तिच्याबरोबर बघा, मध्ये मध्ये तात्पर्य न काढता. जुईच्या वडिलांनी दोन भाग बघितले. जेक त्यांना आवडला. “माणूस वाईट नाही तो,” असं त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं.

अकरावी सायन्सचीच पूर्ण करायची आणि सीईटीचा क्लास सोडायचा, असं त्या घरात ठरलं. क्लासची फी परत मिळाली नाही, त्यावरून एक भांडण झालं, ते जुईसमोर झालं आणि तिच्यासमोरच मिटलं. रविवारच्या मिसळीला कुठे जायचं यावर आता तिचं मत असतं, आणि ते बहुतेक वेळा वडिलांच्या विरुद्ध असतं.

शेवटच्या भेटीला आई जाता जाता दारात थांबली. “धाकट्याचं बरं आहे मॅडम, त्याचा काही त्रासच नाही. म्हणेल त्याला हो म्हणतो.”

मी म्हटलं, “पुढच्या शनिवारी त्याला घेऊन या.”