चेरोकीत गिअरचे स्विच बसवण्याआधी
जुन्या जीप चेरोकीच्या एडब्ल्यू४ या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये गिअर ठरवणारे दोन सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) असतात आणि त्यांना वीज कधी द्यायची हे कंट्रोल युनिट, म्हणजे गिअरबॉक्सचा संगणक, ठरवतो. लिव्हर डी (ड्राइव्ह) वर असताना फक्त पहिल्याला वीज मिळाली की पहिला गिअर, दोन्हींना मिळाली की दुसरा, फक्त दुसऱ्याला मिळाली की तिसरा आणि दोन्ही बंद असले की चौथा. त्यामुळे गिअर हाताने बदलण्यासाठी डॅशबोर्डवर दोन स्विच बसवणे फारच सोपे वाटते, पण स्विचमधून येणारा १२ व्होल्टचा पुरवठा कंट्रोल युनिटच्या आउटपुटमध्ये उलटा शिरू नये म्हणून प्रत्येक सोलेनॉइडची तार चेंजओव्हर स्विचमधूनच (जो ती एका वेळी युनिट किंवा नवा पुरवठा यांपैकी एकालाच जोडतो) न्यावी आणि पुरवठ्याला स्वतंत्र फ्यूज द्यावा. लॉकअपच्या, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला थेट जोडणाऱ्या, तिसऱ्या सोलेनॉइडच्या वाटेला तूर्त जाऊ नका, कारण तो चालू राहिला तर गाडी थांबताना इंजिन बंद पडते. माझ्या मते खरा धोका वेगळाच आहे: वेगात चुकून पहिला गिअर पडला तर तो अडवणारे युनिट मध्ये उरलेले नसते, म्हणून हायवेवर नियंत्रण मूळ युनिटकडेच ठेवावे.