‘नामशेष’ प्राणी ‘पुन्हा जिवंत’ होतो का?

नाशिकच्या एका शिक्षिकाबाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धेसाठी ‘नामशेष झालेले प्राणी शास्त्रज्ञांनी पुन्हा जिवंत करावेत का?’ असा विषय ठरला आहे. एका परीक्षकांनी ‘नामशेष’ खोडून ‘विलुप्त’ करायला सांगितले, दुसऱ्यांनी ‘पुन्हा जिवंत करणे’ याऐवजी ‘पुनरुज्जीवन’ सुचवले, आणि आता यांतले काय ठेवावे, असे बाई विचारतात.

‘विलुप्त’ आधी बाजूला ठेवू. शब्द संस्कृतातला आणि निर्दोष आहे, पण मराठीत तो अलीकडे हिंदी बातम्यांचा हात धरून शिरला आहे आणि ‘लुप्त’ घरात असताना त्याने काही जास्तीचे काम केलेले मला तरी दिसलेले नाही. ‘लुप्त’ मात्र विचारात घेण्यासारखा आहे. पाणिनीने लोपाची व्याख्या ‘अदर्शनं लोपः’ अशी केली आहे. जे असायला हवे ते दिसत नाही, एवढेच तो म्हणतो, ते नष्ट झाले असे म्हणत नाही. सातपुड्यातल्या रानपिंगळ्याला हा शब्द नेमका बसतो. १८८४ नंतर या लहानशा घुबडाचा खात्रीचा नमुना कोणाच्या हाती लागला नव्हता, एका बड्या इंग्रज संग्राहकाने १९१४ चा म्हणून मिरवलेला नमुना पुढे चोरीचा ठरला, आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी दिवसाउजेडी झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षे तो लुप्त होता. त्याचा वंश तेवढा काळ सुखरूप चालू होता. आपल्याला त्याचा पत्ता नव्हता, इतकेच.

आता ‘नामशेष’. या शब्दाचे हाल कुत्रा खात नाही. अतिक्रमणे नामशेष होतात, डास नामशेष करायच्या मोहिमा निघतात, आणि एका वृत्तनिवेदकाने तर ‘त्यांचे नामोनिशाण नामशेष झाले’ असे वाक्य कसलाही संकोच न करता उच्चारले. नामच गेले, तर शेष काय राहिले, हा प्रश्न त्यांना पडायला हवा होता. ‘नामशेष’ हा बहुव्रीहि समास आहे: ‘नामैव शेषो यस्य’, ज्याचे केवळ नाव उरले आहे असा. या शब्दात नाशाइतकाच उरण्यालाही मान आहे. त्यातला ‘शिष्’ हा धातू म्हणजे मागे राहणे. भागाकारातली ‘शेष’, उत्खननातले ‘अवशेष’ आणि प्रलयानंतरही उरतो तो शेषनाग ही सगळी त्याचीच प्रजा, आणि आपल्या ताटातले ‘उष्टे’ही ‘उच्छिष्ट’ या शब्दावरून आलेले असल्याने त्याच घराण्यातले. रोजच्या बोलण्यात उष्टे आणि शेषनाग यांना कोणी एका पंक्तीला बसवणार नाही, पण व्युत्पत्ती बसवते.

बाई नाशिकच्या आहेत, म्हणून त्यांना या शब्दाचा सर्वांत सुंदर वापर पंचवटीतच सापडतो, हे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. विदर्भात जन्मलेल्या संस्कृत नाटककार भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’च्या दुसऱ्या अंकात आत्रेयी नावाची तापसी पंचवटीत येते, सीतेच्या आवडीची ती सारी सृष्टी पाहते आणि सीतेला उद्देशून म्हणते: ‘त्वां नामशेषामपि दृश्यमानः प्रत्यक्षदृष्टामिव नः करोति’. तू नामशेष झालीस, तरी हा तुझा लाडका परिवार दिसतो आणि जणू तूच आम्हाला डोळ्यांपुढे दिसू लागतेस. यातली खरी गंमत अशी की, त्या क्षणी सीता जिवंत आहे. ती गेली, असे आत्रेयी धरून चालली आहे, आणि पुढच्याच अंकात सीता अदृश्यपणे त्याच वनात वावरते. म्हणून माझे ठाम मत असे आहे की, ‘नामशेष’ हा शब्द गेलेल्याबद्दल जेवढे सांगतो, त्याहून जास्त मागे राहिलेल्यांबद्दल सांगतो: आमच्यापाशी काय उरले, याची ती नोंद आहे. हे मत सर्वांना मान्य नाही. माझ्या परिचयाचे एक निवृत्त प्राध्यापक याला कवीचा लाड म्हणतात आणि ‘नामशेष म्हणजे मेलेला, विषय संपला’ असे कोशावर बोट ठेवून बजावतात. कोशात पर्याय दिलेला असतो. शब्द कोठून पाहतो ते कोशात मावत नाही. एवढ्याशा गोष्टीला विषय संपला म्हणायचे असेल, तर संस्कृत कवींनी याच साच्यातले ‘कीर्तिशेष’, ‘कथाशेष’, ‘आलेख्यशेष’ असे वेगवेगळे शब्द कशाला घडवले असते?

‘आलेख्यशेष’ कालिदासाचा आहे. रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात राम वनवासाहून परतल्यावर वडिलांच्या महालात जातो. दशरथ आता फक्त चित्रात उरला आहे, म्हणून तो ‘आलेख्यशेष’. हा शब्द आपण डोडोसाठी वापरायला हवा होता. मॉरिशसचा हा न उडणारा पक्षी सतराव्या शतकात संपला, पण त्याआधी निदान एक-दोन डोडो जिवंतपणी सुरतेला पोहोचले होते, आणि मुघल दरबारातल्या उस्ताद मन्सूरच्या नावावर असलेले डोडोचे रंगीत चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. बाकीचे प्राणी याच साच्यात बसवून पाहावेत. झेब्र्याचा भाईबंद क्वागा हा ‘चर्मशेष’: शेवटची मादी १८८३ मध्ये ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली आणि मागे पेंढा भरलेली कातडी राहिली. अमेरिकेतला डायर लांडगा ‘अस्थिशेष’. सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत केसांसह सापडणारा मॅमथ ‘देहशेष’ म्हणावा लागेल, आणि स्पेनचा बुकार्दो ‘पेशीशेष’. हे शब्द मी केवळ हौसेने पाडत नाही. काय उरले आहे, त्यावर प्रयोगशाळेत काय करता येईल ते ठरते, आणि ‘करावे का’ हा प्रश्न त्याच्या नंतरचा आहे. केवळ नाव उरले असेल, तर जगातली कोणतीही प्रयोगशाळा हात टेकते.

बुकार्दोची हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण ‘पुनरुज्जीवन’वाल्या परीक्षकांना तिचा उपयोग होईल. हा पिरेनीज पर्वतातला रानबकरा. १९९९ मध्ये शेवटच्या मादीला, सेलियाला, पकडून तिच्या कानाच्या कातडीतल्या पेशी काढून गोठवल्या आणि गळ्यात रेडिओपट्टा बांधून तिला सोडून दिले. जानेवारी २००० मध्ये ती पडलेल्या झाडाखाली मेलेली आढळली. तिच्या पेशींची केंद्रके शेळीच्या केंद्रक काढलेल्या बीजांडांत घालून केलेल्या पुष्कळ प्रयत्नांपैकी एकच तडीस गेला: ३० जुलै २००३ रोजी एका संकरित शेळीला बुकार्दोची मादी झाली आणि फुप्फुसांतल्या व्यंगामुळे काही मिनिटांत गुदमरून गेली. एकच वंश दोनदा संपल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही. ती जगली असती तरी नर कोठून आणायचा होता? पेशी फक्त सेलियाच्या होत्या. शिवाय सेलिया स्वतः परत आलीच नव्हती. आली होती ती तिची वेळ चुकलेली जुळी बहीण. ‘उज्जीवन’ म्हणजे त्याच जीवाने पुन्हा उठणे. शुक्राचार्यांच्या संजीवनीने कच उठतो, तो स्वतः कच असतो, त्याला गुरू ओळखता येतो आणि आपण कोणाच्या पोटात आहोत हेही सांगता येते. बंद पडलेल्या नाट्यसंस्थेचे पुनरुज्जीवन होते, आटलेल्या नदीचेही म्हणता येईल. वंशाला मात्र तो शब्द लागू होत नाही.

२०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात नामिबियातून ८ चित्ते आले, तेव्हाही हा शब्द सर्रास वापरला गेला. चित्ता जगातून कधीच गेलेला नव्हता. १९५२ मध्ये तो भारतातून संपल्याचे जाहीर झाले होते, एवढेच. बाहेरून आणून सोडण्याला ‘पुनःस्थापन’ हा साधा शब्द आहे. आणि आफ्रिकेतले चित्ते भारतात येणे ‘प्रथमच’ही नव्हते, हे कोल्हापूरकरांना तरी सांगायला नको, कारण शिकारीसाठी चित्ते पाळणारे चित्तेवान ज्या संस्थानाच्या पदरी होते, त्या कोल्हापूरने देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच आफ्रिकेतून चित्ते आणवले होते.

मग डायर लांडग्याला काय म्हणायचे? एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासच्या कोलोसल या जैवतंत्रज्ञान कंपनीने तो परत आणल्याची घोषणा केली आणि आपल्याकडे मथळे झळकले की, हजारो वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी जिवंत झाला. प्रत्यक्षात घडले ते असे. १३,००० वर्षांपूर्वीच्या दातातून आणि ७२,००० वर्षांपूर्वीच्या कवटीतून डीएनए वाचला गेला. मग आजच्या करड्या लांडग्याच्या पेशींमध्ये १४ जनुकांत २० बदल करण्यात आले आणि पाळीव कुत्र्यांच्या मादीच्या गर्भात ही पिल्ले वाढवली गेली. २०२१ च्या एका संशोधनाप्रमाणे डायर लांडगा आणि करडा लांडगा यांची घराणी ५० लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली आहेत. कंपनीला ते मान्य नाही, पण २० बदलांनी ते अंतर कापले जात नाही, हे समजायला जनुकशास्त्र लागत नाही. पुढच्याच महिन्यात कंपनीच्या प्रमुख शास्त्रज्ञांनीही हे २० बदल केलेले करडे लांडगे आहेत, असे सांगून टाकले. त्याचे मथळे झाले नाहीत.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा घडवलेल्या जीवासाठी ‘प्रॉक्सी’ हा शब्द पत्करला आहे. त्याला मराठीत कोणी ‘प्रतिनिधी’ म्हणतात, कोणी ‘पर्यायी जीव’. दोन्ही मला नामंजूर आहेत. प्रतिनिधीला नेमणारा कोणी तरी असावा लागतो. डायर लांडग्यांनी कोणाला मुखत्यारपत्र लिहून दिलेले नाही. मराठीत यासाठी रक्तामांसाचा शब्द आहे: तोतया. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले, आणि काही वर्षांनी त्यांच्यासारखा दिसणारा एक मनुष्य ‘मीच भाऊ’ म्हणत उभा राहिला. १७७६ मध्ये त्याला देहदंड होईपर्यंत त्याच्यामागे फौज जमण्याइतके लोक गेले, कारण भाऊ परत यावेत अशी लोकांची इच्छाच होती. चेहरा जुळतो, नाव तेच सांगितले जाते, आणि ऐकणाऱ्याला ते खरे असावेसे वाटते, या तीन गोष्टी जमल्या की तोतया तयार होतो. ‘तोतया’त कपट येते आणि पिल्लू बिचारे निष्पाप आहे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. पिल्लू काहीच सांगत नाही, हे खरेच. नाव सांगणारे दुसरे असतात आणि कपट असलेच तर त्यांच्या पदरी जाते. उलट दक्षिण आफ्रिकेत राइनहोल्ड राऊ यांनी १९८७ पासून साध्या झेब्र्यांतून कमी पट्ट्यांचे प्राणी निवडून पैदास केली, तेव्हा त्या प्राण्यांना ‘राऊ क्वागा’ असे वेगळे नाव पडले. नाव प्रामाणिक असेल, तर तोतयेगिरीचा आरोप उरत नाही.

मूळ प्रश्नात ‘करावेत का’ हेही होते. नामांतरासाठी आणि प्रदर्शनासाठी करू नयेत. मॅमथसदृश पिल्लू वाढवायला हत्तिणीचेच गर्भाशय वापरायचे म्हटले, तर स्वतःच संकटात असलेल्या आशियाई हत्तिणींना २२ महिन्यांचे गर्भारपण या कामाला द्यावे लागेल, आणि जन्मलेल्या पिल्लाला मॅमथ कसे वागतात ते शिकवणारे कोणी नसेल. अमेरिकेचा प्रवासी कबुतर हा पक्षी कोट्यवधींच्या थव्यांनी जगणारा होता. १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या पिंजऱ्यात शेवटची मादी मार्था मेली, त्याच्या कितीतरी आधी तो थवा संपला होता, आणि प्रयोगशाळेतून चार कबुतरे निघाल्याने तो परत येत नाही. पण हीच विद्या काळ्या पायांच्या फेरेटसाठी वापरली गेली, तेव्हा माझी हरकत राहिली नाही. अमेरिकेतल्या या मुंगुसाएवढ्या प्राण्याची आजची जवळजवळ सारी प्रजा अवघ्या ७ पूर्वजांपासून वाढलेली आहे. १९८८ मध्ये मेलेल्या विला नावाच्या मादीचा वंश त्या सातांत नव्हता, पण तिच्या पेशी सॅन डिएगोत गोठवून ठेवलेल्या होत्या. त्यांतून डिसेंबर २०२० मध्ये एलिझाबेथ ॲन जन्मली, आणि तशाच दुसऱ्या एका मादीला २०२४ मध्ये पिल्लेही झाली. येथे वंश तुटलेला नव्हता, क्षीण झालेला होता, आणि त्यात हरवलेले रक्त परत आले.

तेव्हा बाईंनी विषयात ‘निर्वंश’ घ्यावा. तो शिव्याशापांतला शब्द आहे, शाळेत नको, असे कोणी म्हणेल. पण वंश तुटला हे सांगणारा त्याहून नेमका शब्द मराठीत नाही, आणि शाप म्हणून तो इतका जिव्हारी लागतो तोही त्याच अर्थामुळे. विषय असा लिहावा: ‘निर्वंश झालेल्या प्राण्यांचे तोतये शास्त्रज्ञांनी घडवावेत का?’ यात विरोधी बाजूला फुकटचे गुण मिळतात, अशी तक्रार अनुकूल बाजूच्या मुलांनी केली, तर ‘तोतये’ काढून ‘प्रतिरूपे’ लिहावे. मला तो शब्द फिका वाटतो, पण स्पर्धा न्याय्य होईल.