टॉवर नाहीत, मग सोलापूरला स्कायलाइन आहे का?

तुमचा प्रश्न असा: जुन्या शहराची स्कायलाइन (आकाशावर उमटणारी इमारतींची रेषा) आणि मध्यवस्तीचा बाज पारखायचा कसा, आणि सोलापूरसारख्या टॉवर नसलेल्या गावाला हे लागू तरी होतं का?

होतं की. गर्दी नसल्यामुळे इथे काय कशावर उठून दिसतं ते लगेच कळतं. जुनं सोलापूर मुळात माळवदाचं गाव. लाकडी तुळया, वर किलचन (लाकडी पट्ट्यांचा थर), त्यावर पांढऱ्या मातीचा थर, सपाट छप्पर. त्यामुळे पेठांची कड एक-दोन मजल्यांवर सरळ रेषेत जायची आणि त्या रेषेवर देवळांची शिखरं, मशिदींचे मिनार आणि 1877 च्या सुमारास जुनी मिल सुरू झाल्यापासून गिरण्यांच्या चिमण्या एवढंच वर यायचं. म्हणजे उंच काय, तर देव आणि पोट. उंची किती हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा की जे वर आलंय ते सगळ्या गावाचं आहे की एकाच बिल्डरचं.

बघायला उभं कुठे राहायचं ते आधी ठरवा. सिद्धेश्वर तळ्याचा काठ ही सगळ्यात चांगली जागा, कारण पाण्यापुढे काही आड येत नाही आणि मंदिर व भुईकोट किल्ला एकाच फेरीत दिसतात. तीन-चार जागा कायमच्या ठरवून ठेवा आणि दर वेळी तिथूनच बघा. फोटो मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने काढू नका. ती रुंद असते, मागची इमारत बारीक करून दाखवते आणि ‘काही फरक पडत नाही’ असं वाटायला लावते. दुप्पट झूमवर काढा, ते डोळ्याच्या बरंच जवळ जातं. ड्रोनचं चित्र इथे निरुपयोगी. तिथून गाव बघतं कोण?

आता मोजमाप. हात सरळ लांब केला की मूठ साधारण 10 अंश झाकते, अंगठा 2 अंश. किल्ल्याचा तट 10 मीटर धरा आणि तुम्ही त्याच्यापासून 200 मीटरवर आहात असं समजा. तट सुमारे 3 अंश दिसेल. तटामागे तुमच्यापासून 600 मीटरवर 30 मीटरची इमारत असेल तर तीही तेवढीच दिसते, म्हणजे जेमतेम झाकली जाते. तीच 40 मीटर केली की तटावरून डोकं काढते. अंतर तिप्पट, तर उंचीही तिपटीपर्यंत खपते. हे त्रैराशिक मांडलं की वाद निम्मे मिटतात. कायदा मात्र वेगळं मोजतो. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे असल्यामुळे हद्दीपासून 100 मीटर बांधकामाला मनाई आणि त्यापुढे 200 मीटर परवानगीने. वरच्या उदाहरणातली 40 मीटरची इमारत तटापासून 400 मीटरवर आहे, म्हणजे नियमाच्या पूर्ण बाहेर, आणि तरी दिसते. तक्रार करायला जाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

सोलापुरात आकाशाला दुसरा मालक आहे, विमानतळ. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाला अडथळा म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे 90 मीटरची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत नकाशात बांधकामाची जी कमाल उंची लिहिलेली असते ती समुद्रसपाटीपासूनची असते. नकाशात 520 मीटर आणि प्लॉटची जमीन 470 वर असेल तर हातात 50 मीटर, आणि त्यातच लिफ्टची खोली, पाण्याची टाकी, अँटेना. ही वजाबाकी विसरून लोक नको ती स्वप्नं बघतात.

खरं नुकसान मात्र टॉवर करत नाहीत, टाक्या करतात. हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन. मातीच्या माळवदावर ते ठेवता येत नाही, म्हणून आधी लोखंडी घोडा, मग एक कोपरा स्लॅबचा, मग पूर्ण घरच पाडून चार मजले. पाणी चार-पाच दिवसांनी आलं की साठवण वाढते, साठवण वाढली की छप्पर जातं. स्कायलाइन वाचवायची तर टाकी जमिनीवर किंवा भिंतीच्या पायावर आणि वर छोटी, एवढं सांगणंसुद्धा पुष्कळ.

मध्यवस्तीचं बोलायचं तर जुळे सोलापूर या नव्या वस्तीतला माणूस ‘गावात जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा तो नवी पेठ, टिळक चौक, मधला मारुती, चाटी गल्ली याच पट्ट्यात जातो. या पट्ट्याची परीक्षा जमिनीपासून पहिल्या चार मीटरमध्ये होते. 100 मीटर चाला (साधारण 130-140 पावलं) आणि दोन्ही बाजूंची उघडी दारं मोजा. एका बाजूला 15-20 दारं असतील तर रस्ता जिवंत. तीन-चारच असतील आणि मध्ये लांब काच किंवा पार्किंगचं शटर असेल, तर वर कितीही कोरीव दर्शनी भाग ठेवला तरी उपयोग नाही. मग घराची उंची भागिले गल्लीची रुंदी. 6 मीटरच्या गल्लीला 7 मीटरचं घर म्हणजे एकाच्या थोडं वर: सावली मिळते, वाराही खेळतो. त्याच गल्लीत 15 मीटर चढवलं की अडीच होतं, आणि खालचा दुकानदार भर दिवसा ट्यूब लावून बसतो. उन्हाळ्यात दुपारी दोनला जाऊन ‘मेलेली बाजारपेठ’ असा निकाल देऊ नका. संध्याकाळी सातला परत जा. पूर्व भागात डोळ्यांइतकंच कानांनी बघा. साखर पेठेकडे मागाचा खडखडाट आणि तेलुगू बोलणं नसेल तर घरं तीच असूनही तो भाग बदलला असं समजा.

एक देशी मोजपट्टी जानेवारीत फुकट मिळते. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सातही नंदीध्वज (मिरवायच्या उंच काठ्या) बाळीवेशीतल्या हिरेहब्बू वाड्यातून निघतात आणि तैलाभिषेकाला 68 लिंगांची प्रदक्षिणा होते. काठी उभी धरून पेलायची असते, त्यामुळे ती कुठे अडते ते बघत मागोमाग चाला. आडव्या वायरी, रस्त्यावर आलेला सज्जा, फ्लेक्सची कमान, नवा वाढीव मजला: जिथे काठी तिरपी करावी लागते तिथे वहीत खूण करा. पुढच्या वर्षी त्याच वहीवर दुसऱ्या रंगाच्या पेनाने.