झोपेसाठी मेलाटोनिन १० मिलिग्रॅमऐवजी २० घेऊ का, असं विचारणाऱ्या मिहानवाल्या भाऊंना

भाऊ, तुमची पोस्ट वाचली आणि माझेच जुने दिवस आठवले. मिहानमधली (आपल्या नागपूरच्या कंपन्यांच्या पट्ट्यातली) नाइट शिफ्ट, साडेसातला घरी, आठला १० मिलिग्रॅमची मेलाटोनिन गमी, म्हणजे झोपेसाठीची ती चघळायची गोळी, तरी अकरापर्यंत टक्क जागे आणि संध्याकाळी डोकं जड. हे सगळं मी भोगलंय, फक्त माझी कंपनी हिंगण्याकडे होती. मी डॉक्टर नाही, एवढं धरून पुढचं वाचा.

२० घेऊ नका. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते, त्यावरून शरीराला रात्र झाल्याचं कळतं. बस, एवढंच त्याचं काम. जुन्या नागपूरकरांना एम्प्रेस मिलचा पाळी सुटल्याचा भोंगा आठवत असेल. तो दुप्पट जोरात वाजला म्हणून कोणी दुप्पट लवकर घरी पोचत नव्हतं. ०.३ ते ०.५ मिलिग्रॅमनेसुद्धा रक्तातलं प्रमाण रात्रीच्या नैसर्गिक पातळीच्या आसपास जातं, मग १० कशाला? नाइट शिफ्टवाल्यांवरच्या प्रयोगांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०१४ साली आढावा घेतला. १ ते १० मिलिग्रॅममध्ये दिवसाची झोप सरासरी २४ मिनिटं वाढली, तोही पुरावा कच्चाच. डोस वाढवून जास्त फायदा दिसला नाही, आणि झोप लागायला वेळ तेवढाच लागला. म्हणजे तुमचं ते आठ ते अकरा टक्क जागं राहणं गमीने सुटणारं नाही.

शिवाय डब्यावरच्या आकड्यावर माझा भरवसा नाही. अमेरिकेत २०२३ साली २५ गमी तपासल्या, त्यात २२ चं लेबल चुकीचं निघालं. एकीत मेलाटोनिनच नव्हतं, एकीत लिहिल्याच्या जवळपास साडेतीनपट. घ्यायचंच तर डॉक्टरला विचारून कमी ताकदीची साधी गोळी घ्या. रक्त पातळ करायच्या, फिट (आकडी) येऊ नये म्हणूनच्या किंवा डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय हात लावू नका.

आता खरा ताप. माझी झोप खाल्ली ती रोस्टर, म्हणजे पाळ्यांचा तक्ता, बनवणाऱ्या टेबलाने. आमच्याकडे पाळी उलटी फिरायची: एक आठवडा रात्र, मग दुपार, मग सकाळ. शरीराला उशिरा झोपणं त्या मानाने जमतं, लवकर झोपणं जड जातं. म्हणून सकाळ, दुपार, रात्र असा क्रम सोपा. मी एवढंच मागितलं होतं, नाइट बंद करा असंही नाही. उत्तर आलं, "सर, सिस्टीममध्ये तसंच सेट आहे." पोर्टलवर तक्रार टाकली, ती न वाचताच 'निराकरण झाले' म्हणून बंद. मग म्हणाले, डॉक्टरचं पत्र आणा. धंतोलीतल्या डॉक्टरांचं नेलं, तर म्हणे कंपनीच्या पॅनेलवरचंच चालतं. तेही आणलं. मग त्यांनी स्वतःचा छापील नमुना हातात दिला, त्यात एकच ओळ: 'रात्रपाळीसाठी तंदुरुस्त आहे.' अरे बाप्पा, ज्या गोष्टीचा त्रास होतोय तीच झेपते म्हणून लिहून आणू? आणि नवा रोस्टर शुक्रवारी संध्याकाळी यायचा, म्हणजे रविवारी काय ते ठरवायलाही वाव नाही. तो नमुना देणारा माणूस स्वतः दहा ते सहा करायचा, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

शेवटी आम्ही काही जणांनी मिळून टीम लीडला एकच मेल केला, कोण कोणाशी पाळी बदलणार त्याचा तक्ता जोडून. त्याला फक्त 'मंजूर' लिहायचं होतं, त्याने लिहिलं. वरच्या टेबलाला आजही पत्ता नसेल. तुमच्याकडे चालेल की नाही ते लीडच्या स्वभावावर आहे. पण एकट्याने अर्ज करत बसू नका.

खोलीचं थोडं सांगतो. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा झोपायचं म्हणजे कूलर आलाच, आणि खिडकीतल्या कूलरच्या चारही बाजूंनी उजेड आत येतो. मी फटीत थर्माकोल कोंबून वरून काळा कागद चिकटवला. पण हवा बाहेर जायला दार उघडं पाहिजे, नाहीतर तासाभरात अंग चिकचिकतं. म्हणून दाराला जाड काळा पडदा लावला, खालून वीतभर मोकळा. सकाळी घरी येताना गडद गॉगल लावा, पण पेंगत असाल तर गाडी चालवू नका, कॅब करा. घरी पोचल्यावर मोबाइल नको. माझ्या मते या सगळ्याचा गमीपेक्षा जास्त फरक पडतो, पण प्रत्येकाचं शरीर वेगळं.

घोरता का, ते पोस्टमध्ये नाही. घोरताना श्वास अडकतो असं घरच्यांनी सांगितलं असेल तर रोस्टर, गमी सगळं बाजूला ठेवा आणि डॉक्टरला स्लीप स्टडीबद्दल (झोपेत श्वास वगैरे मोजायची तपासणी) विचारा. त्यासाठी रात्रभर भरती व्हावं लागलं तर आधी आरोग्य विम्याच्या पॉलिसीतलं 'एक्सक्लूजन ०४' हे कलम वाचा. निव्वळ तपासणीसाठीची भरती त्यात वगळलेली असते.

आणि उरलेल्या गमी घरात असतील तर कपाटात वर ठेवा. पोरं त्या चॉकलेट समजून खातात.