पाणी काढलं तरी पुन्हा भरतं

प्रश्न : माझी लेक २६ वर्षांची. दोन महिन्यांपासून पोट फुगतंय. कावीळ समजून गावातलं मुळीचं औषध दिलं. दोनदा पोटातलं पाणी काढलं, पुन्हा भरलं. आता ‘बड-किआरी’ म्हणतात, यकृताच्या शिरा तुंबल्यात. एक डॉक्टर रक्त पातळ करायच्या गोळ्या सांगतात, दुसरे स्टेंट. पाहुणे म्हणतात, लिव्हरच बदला. कुणाचं ऐकू?
— एक आई, कागल

उत्तर : ताई, पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा. डॉक्टर दोघंही बरोबर आहेत, फक्त क्रम असतो.

यकृतातलं रक्त वर हृदयाकडे जायची वाट बंद झालीय. पाट तुंबला की उसात पाणी साचतं, तसंच हे. नुसतं उपसून काय होणार?

पहिली पायरी रक्त पातळ करण्याची : आधी इंजेक्शन, मग वॉरफरिनची गोळी. रक्त किती पातळ झालं हे सांगणारा तपासणीतला आकडा, आयएनआर, साधारण २ ते ३ मध्ये ठेवतात. स्टेंट, म्हणजे शीर उघडी ठेवणारी जाळीची नळी, बसला तरी ही गोळी बहुधा सुटत नाही. अडथळा लहान असेल तर फुग्याने शीर उघडून स्टेंट घालतात. आपल्याकडे पुष्कळदा अडथळा पोटातून हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतच असतो. माझ्या एका पेशंटला मी तीन आठवडे साधी कावीळ समजत होतो. पाठीवर दोरीसारख्या निळ्या शिरा होत्या, दाबून सोडल्या की खालून वर भरायच्या. मोठी शीर तुंबल्याचीच ती खूण, पण पाठ मी बघितलीच नव्हती.

शिरा उघडण्याजोग्या नसतील तर मानेतल्या शिरेतून जाऊन यकृतात नवी वाट करतात, तिला टिप्स म्हणतात. त्यानंही भागलं नाही किंवा यकृतच निकामी होत असेल, तर प्रत्यारोपण.

गुठळी का झाली तेही शोधायला हवं. जॅक-२, प्रोटीन सी, प्रोटीन एस, अँटिफॉस्फोलिपिड या तपासण्या झाल्यात का, विचारा. संततिनियमनाच्या किंवा गौरी-गणपतीला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या ती घेत होती का, हेही विचारा, सासूसमोर नको. मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना सांगा, गर्भाला वॉरफरिन चालत नाही.

मुळीचं औषध आजच बंद. मेथी-पालक सोडू नका, पण दर आठवड्याला प्रमाण सारखंच ठेवा, नाहीतर वॉरफरिनचा असर कमी-जास्त होतो. खर्डा, लोणचं, पापड नको. तिखटासाठी नव्हे, मिठासाठी. अंगदुखीची गोळी दुकानातून आणून देऊ नका.

दाखवायला जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर सीटीची सीडीही न्या. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी किंवा असंबद्ध बडबड सुरू झाली, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.