चिंता, काळजी की धास्ती?

प्रश्न असा आला आहे : हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरीतल्या, अकाली विधवा झालेल्या यमू या नायिकेच्या मनःस्थितीवर मराठीत लिहिताना ‘अँग्झायटी’साठी ‘विधवेची चिंता’ असा शब्दप्रयोग करावा का, आणि तो अपुरा वाटत असल्यास ‘काळजी’, ‘दुश्चिंता’ किंवा ‘भयगंड’ यांपैकी काय घ्यावे?

माझ्या मते येथे ‘धास्ती’ हा शब्द घ्यावा. ‘चिंता’ चुकीचा आहे असे नाही, पण तो या बाईचा शब्द नाही.

‘चिंता’ आणि ‘चिंतन’ यांचा धातू एकच आहे, आणि मूळचा विचार करण्याचा अर्थ मराठीतल्या ‘चिंते’लाही थोडाफार चिकटून राहिला आहे. चिंता वाटते, तशी ती करताही येते. बाल नारायणाने, म्हणजे पुढच्या समर्थ रामदासांनी, आईला दिलेले ‘चिंता करितो विश्वाची’ हे उत्तर आपल्याला शोभून दिसते, कारण चिंता करणाऱ्याकडे काही जबाबदारी, काही कर्तेपण गृहीत असते. विश्वाची धास्ती मात्र कोणी ‘करीत’ नाही. धास्ती वाटते, बसते किंवा माणूस ती घेतो, आणि हे घेणेही धसका घेण्यासारखेच, म्हणजे आपखुशीचे नव्हे.

याहून महत्त्वाचा फरक षष्ठीत दिसतो. ‘मुलाची चिंता’ म्हणजे मुलाचे कसे होईल याची चिंता. ‘मुलाची धास्ती’ म्हणजे मुलगा काय करील याची भीती. ‘सासूची काळजी’ आणि ‘सासूची धास्ती’ यांत प्रत्यय तोच असूनही पहिल्या प्रयोगात सासू जपण्याजोगी आहे आणि दुसऱ्यात तिच्यापासून स्वतःला जपायचे आहे. (परीक्षेसारख्या निर्जीव गोष्टींच्या बाबतीत हा भेद पुसट होतो, माणसांच्या बाबतीत तो लख्ख राहतो.) ‘काळजी’ येथे तर आणखीच घोटाळ्याची, कारण ती करण्याबरोबर घेताही येते. नवऱ्याच्या मृत्यूनंतर यमू ज्यांच्या ताब्यात जाते, त्या शंकरमामंजींची तिला ‘काळजी’ वाटत होती असे लिहिले, तर वाचकाला त्यांची प्रकृती बरी नसावी असेच वाटेल. ‘धास्ती’ हा शब्द समोर सत्ता असलेले कोणीतरी आहे हे व्याकरणातूनच सांगून टाकतो, आणि परिघावर ढकललेल्या स्त्रीच्या मनाविषयी लिहिताना नेमके तेच निसटून चालत नाही.

मानसशास्त्राच्या बाजूने पाहिले तर फ्रॉइडने 1920 मधल्या एका ग्रंथात तीन जर्मन शब्द वेगळे केले आहेत. ‘आंग्स्ट’ म्हणजे संकटाची अपेक्षा आणि त्यासाठीची तयारी, मग ते संकट अज्ञात का असेना, ‘फुर्ख्ट’ला भीतीचा ठरावीक विषय लागतो, आणि ‘श्रेक’ म्हणजे बेसावधपणी संकट कोसळल्यावर उडणारी गाळण. यमूच्या वैधव्यातल्या भीतीला ठरावीक विषय आहे. तो म्हणजे विधवेचे केस काढणारा वस्तरा. ही कादंबरी 1890 पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली, त्याच वर्षी मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन करणार नाही असे ठरवले होते, म्हणजे तो वस्तरा कल्पनेतला नव्हता, आणि कादंबरीतही तो अखेर चालतोच.

म्हणून ‘भयगंड’ मला येथे अजिबात मान्य नाही. गंड म्हटले की भीती कारणापेक्षा मोठी आहे, दोष भिणाऱ्याच्या मनात आहे, असा निवाडा होऊन जातो. ‘दुश्चिंता’ हा पाठ्यपुस्तकी शब्द विकारांच्या चर्चेत उपयोगी आहे; परंतु त्यातला ‘दुस्’ हा उपसर्गही आजाराकडे बोट दाखवतो, आणि यमूचा अंदाज तर अचूक ठरलेला आहे.

एक अडचण मात्र मी नाकारत नाही. यमू आपली हकीकत सगळे घडून गेल्यावर सांगत आहे, त्यामुळे नवऱ्याबरोबरच्या, म्हणजे रघुनाथरावांबरोबरच्या, मुंबईतल्या सुखाच्या दिवसांवरही वाचकाला पुढच्याची सावली जाणवत राहते. त्या वेळी भिण्यासारखे समोर कोणी नाही, म्हणून तेथे ‘धास्ती’ ओढूनताणून बसवावी लागेल. ‘हुरहूर’ सुचते, पण तिच्यात ओढ असते. ‘धाकधूक’ निकालाची वाट पाहताना होते. तेथे मी सरळ ‘अनामिक भीती’ असे दोन शब्द लिहीन. एका इंग्रजी शब्दाला सगळीकडे एकच मराठी शब्द बसला पाहिजे, असा हट्ट कशासाठी?

विशेषण हवे असल्यास ‘चिंताग्रस्त’पेक्षा ‘धास्तावलेली’ घ्यावे. तेव्हा ‘विधवा यमू सतत चिंताग्रस्त असते’ असे लिहायचे मनात असेल, तर ते ‘वैधव्यानंतर यमू घरातल्या कर्त्या पुरुषांच्या धास्तीत दिवस काढते’ असे करून पाहावे. वाक्य लांबते खरे, पण धास्ती कोणाची हे त्यात येते.