दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांचे दात आणि तब्येत कोण बघायचं?

तुम्ही विचारलंय की बाँब पडत असताना पोरांच्या दाताबिताकडे बघायला कुणाला वेळ होता का. होता, आणि ती व्यवस्था युद्धाच्या बरीच आधीची होती. मी इथे उत्तर इंग्लंडमध्ये डेंटिस्ट आहे, माझे ऐंशी-नव्वदीतले पेशंट अजून शाळेच्या क्लिनिकबद्दल बोलतात, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

बोअर युद्धाच्या (दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांनी लढलेल्या) वेळी सैन्यात भरती व्हायला आलेली कितीतरी तरुण पोरं तब्येतीमुळे नाकारली गेली, सरकार हादरलं आणि १९०७ च्या कायद्याने शाळेत मुलांची डॉक्टरी तपासणी करणं स्थानिक शिक्षण खात्यांवर बंधनकारक झालं. त्याच वर्षी केंब्रिजमध्ये मुलांसाठी दातांचं क्लिनिकही निघालं. पण खरी मेख इथेच आहे, तपासणी बंधनकारक होती, उपचार नाही. डॉक्टरने बघायचं, आईबापांना चिठ्ठी द्यायची, पुढचं सगळं त्या गावच्या कौन्सिलच्या मर्जीवर आणि घरच्यांच्या खिशावर. त्यामुळे एका गावात चांगलं क्लिनिक आणि शेजारच्या गावात काहीच नाही, असं सर्रास होतं.

मग सप्टेंबर १९३९ मध्ये तीन दिवसांत ८ लाखांहून जास्त शाळकरी मुलं बाँबहल्ल्याच्या भीतीने शहरांतून खेड्यांत हलवली, आणि ज्यांच्या घरी ती उतरली त्यांनी बोंब मारली की पोरांच्या डोक्यात उवा, अंगाला खरूज, तोंडावर फोड. एवढी वर्षं शाळेत तपासणी चाललीय तर हे कसं? केनेथ मेलॅन्बी नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने उवांचा अभ्यास केला तर प्रमाण शाळेच्या नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघालं. यात पोरांचा किंवा आयांचा दोष काढणाऱ्यांचा मला राग येतो, एका खोलीत सात माणसं आणि नळ बाहेर, तर आई किती धुणार आणि किती विंचरणार?

दातांचं म्हणाल तर क्लिनिक म्हणजे बहुतेक वेळा दात काढायची जागा. माझ्याकडे येणाऱ्या एका आजींनी सांगितलेलं मी विसरत नाही: सकाळपासून उपाशी ठेवलेलं, आईने बरोबर जुना स्कार्फ घेतलेला, भूल द्यायचा रबरी मास्क नाकावर आला आणि गॅसचा वास, तो मास्क त्यांना शाळेत रोज न्याव्या लागणाऱ्या गॅस मास्कसारखाच वाटला म्हणून त्या जास्त घाबरल्या, जाग आली तेव्हा चार दात गेलेले, मग पत्र्याच्या भांड्यात थुंकायचं, स्कार्फ तोंडावर गुंडाळायचा आणि चालत घरी. भूल उतरेपर्यंत नीट बसायलाही जागा नव्हती, कारण मागे पोरांची रांग. कित्येक ठिकाणी ड्रिल अजून पायाने चालवायचं असे, आणि त्यात बरेच डेंटिस्ट सैन्यात गेलेले, म्हणजे हात आणखी कमी.

आणि तरीही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, लहान मुलांचे दात युद्धात सुधारले! लंडनच्या पाच वर्षांच्या मुलांचे दात १९२९ मध्ये तपासले होते, १९४३ मध्ये परत तपासले तर किड स्पष्ट कमी. माझ्या मते याचं मोठं श्रेय रेशनला, क्लिनिकला त्या मानाने कमी. साखर जानेवारी १९४० पासून मोजून, चॉकलेट-गोळ्या जुलै १९४२ पासून मोजून, आणि दुसरीकडे शाळेत दूध, दुपारचं जेवण, पाच वर्षांखालच्यांना कॉड लिव्हर ऑइल. म्हणजे डेंटिस्ट कमी झाले आणि दात सुधारले, आम्हा डेंटिस्ट लोकांनी यावर जरूर विचार करावा.

क्लिनिकवाल्यांचं खरं मोठं काम म्हणाल तर घटसर्पाची (डिप्थीरियाची) लस. १९४० मध्ये ब्रिटनमध्ये या रोगाने ३ हजारांहून जास्त माणसं गेली, बहुतेक लहान मुलंच. त्याच वर्षाच्या अखेरीस मोफत लसीची मोहीम निघाली, शाळाशाळांतून पोरांना टोचलं, आणि १९५७ मध्ये मृत्यू होते फक्त ६.

उपचार फुकट मिळणं हा हक्क मात्र १९४४ च्या शिक्षण कायद्याने आला. तोही दातांच्या बाबतीत बराचसा कागदावरच राहिला, कारण १९४८ ला एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्य सेवा) सुरू झाल्यावर बाहेर प्रॅक्टिस करून कितीतरी जास्त पैसे मिळायला लागले आणि शाळेचे डेंटिस्ट नोकऱ्या सोडून गेले. गोळ्या-चॉकलेटचं रेशन फेब्रुवारी १९५३ मध्ये उठलं, आणि किड पुन्हा वाढली.